चौथं बोट

डंडीला डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टेकडीच्या उतारावर चर्चच्या मागची खोली,
खोकणारा एक हीटर, एक पियानो,
आणि मिसेस गेडीस. त्या फक्त म्हणतात,
"पुन्हा. नवव्या ओळीपासून."

वय बासष्ट. टपालाच्या कचेरीत एकतीस वर्षं
पाकिटं खणांत टाकली या हातांनी.
पत्ता वाचून व्हायच्या आत पाकीट खणात.
मग यंत्र आलं. मग निवृत्ती. मग एका सकाळी
उतू जाणारं दूध मी नुसती बघत राहिले.
दिसत होतं, कळत होतं,
हात मात्र अजून कुठेतरी रांगेत उभा होता.

म्हणून पियानो. सून म्हणाली, बोटं मोकळी होतील.
नातू विहंग म्हणाला, मोजूया.
तो पट्टी उभी धरतो,
खाली माझा अंगठा नि तर्जनी, उघडी.
न सांगता सोडतो. मी पकडते.
पहिल्यांदा सव्वीस सेंटिमीटर.
वहीत लिहिलं त्यानं, आणि दया येऊन काही बोलला नाही.

पाचही बोटं सारखी नसतात, हे
आपण माणसांबद्दल म्हणतो.
इथे ते बोटांबद्दलच आहे.
अंगठा दांडगट, हाक मारली की दार मोडून येतो.
करंगळी किरकोळ, पण बिचारी वेळेवर पोचते.
आणि डाव्या हाताचं हे चौथं:
उचलायला जावं तर मधलंही सोबत उठतं,
एकाच गोधडीत निजलेल्या बहिणी जशा.

"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"
अनामिका, म्हटलं. म्हणजे, जिला नाव नाही ती.
मिसेस गेडीस हसल्या. "मग हाक कशी मारता?"
इतकी वर्षं मारलीच नव्हती.

त्यांची बोटं घड्याळाच्या कारखान्यात गेली,
केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं बसवण्यात.
आता पेरांना आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठी.
त्या वाजवत नाहीत, ऐकतात.
मी चुकायच्या किंचित आधी त्यांची भुवई हलते.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
दान करताना ठीक आहे.
पियानोवर उजवा गातो तेव्हा डाव्यानं ऐकायचं,
ऐकता ऐकता आपलं काम सोडायचं नाही.
संसारासारखं, असं लिहिणार होते.
पण माझा संसार तसा नव्हता.

मार्चमध्ये एकवीस. मेमध्ये अठरा.
विहंग म्हणाला, आजी, हे पियानोमुळे
की तुला पट्टीची सवय झाली म्हणून?
कुठल्या पट्टीची, मी विचारलं. वेळ मारून नेली.
प्रश्न बरोबर होता, उत्तर माझ्याकडे नाही.
रात्री झोपेत बोटं मांडीवर चालतात, एवढं खरं.
आणि कोटाची बटणं हल्ली न बघता लागतात.

मग जूनमधला तो मंगळवार.
मला एक जागा दाखवायला त्या वाकल्या,
कधी नव्हे ते स्वतःची बोटं ठेवली पियानोवर,
आणि झाकण, जड, बिजागरी सुटलेलं,
आलं खाली.

मी पाहिलं नाही. ठरवलं नाही.
जो आवाज व्हायला हवा होता तो झाला नाही.
झाकण आणि त्यांच्या सुजक्या पेरांच्या मध्ये
माझा डावा हात होता.
केव्हा गेला, कुणी पाठवला, विचारू नका.
किती सेंटिमीटर, ते वहीत नाही.

चौथ्या बोटाचं नख काळंनिळं झालं.
मिसेस गेडीसनी हॉलच्या फ्रीझरमधून
मटारची पिशवी आणून त्यावर धरली,
बराच वेळ माझा हात मांडीवर घेऊन बसल्या,
"अनामिका" म्हणून पाहिलं, दोनदा, दोन्हीदा चुकीचं.
मग घसा साफ केला.
"उजवा हात बरा आहे ना?
नवव्या ओळीपासून."